पानाच्या दाराची किल्ली : पालाश

एप्रिल-मेच्या उन्हात डोंबिवलीच्या चाळीतील गॅलरीत कुंडीतल्या रोपाने मान टाकली, की कोणीतरी म्हणतेच, "नजर लागली!" भगिनींनो, नजर वगैरे काही नाही. रोपाचे दुखणे पानात आणि मातीत शोधावे.

पानावर, विशेषतः खालच्या बाजूस, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. ती पर्णरंध्रे. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो व रोपाचे अन्न तयार होते. परंतु दार उघडले की पाण्याची वाफही बाहेर जाते. मुळांनी ओढलेले ९० टक्क्यांहून अधिक पाणी असेच उडून जाते. जमा हवी तर खर्च आलाच! म्हणून दार वेळेवर उघडणे आणि वेळेवर लावणे, यावरच रोपाचा संसार चालतो.

हे दार उघडते कोण? पूर्वी सारे श्रेय साखरेला देत. जपानचे फुजिनो यांनी १९६७ साली व आर. ए. फिशर यांनी १९६८ साली पोटॅशियमचे, म्हणजेच पालाशचे महत्त्व दाखवून दिले. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पाणी क्षाराकडे धावते. तसेच सकाळच्या उजेडात रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत पालाश शिरतो, मागोमाग पाणी शिरते. पेशी फुगून वाकतात व मध्ये फट पडते. अंधार झाला किंवा पाणी कमी पडले, की पालाश बाहेर जातो आणि दार मिटते. पालाश अपुरा असेल तर दार धड उघडत नाही, धड लागतही नाही. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात.

कुंडीसाठी केळीच्या सालींचे कुजलेले खत उत्तम. लाकडाची राख चिमूटभरच घालावी. पानांवरची धूळ पुसावी. तिने रंध्रे बुजतात.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे थोडीफार कोरडवाहू जमीन आहे. पावसाने ओढ दिली की तिथे हेच दार पीक तगवते. कोकणच्या तांबड्या मातीतून पालाश वाहून जातो, काळ्या मातीत बहुधा पुरेसा असतो. म्हणून आधी माती तपासून घ्यावी. पोटॅश खत जवळजवळ सगळे परदेशातून येते, त्याला पैसा पडतो. ज्वारीच्या धाटांत, उसाच्या पाचटात मात्र पालाश फुकट असतो. तो जाळू नका, मातीत कुजवा. पालाश पाण्याची जागा घेत नाही. पण आहे ते पाणी जपून वापरायला पिकाला मदत करतो. गावी पत्र-फोन कराल तेव्हा आमचे एवढे सांगणे जरूर कळवा.