बंदी पाकिस्तानात, यूट्यूब ठप्प जगभर

एखाद्या देशाने अमुक संकेतस्थळ बंद केलं, अशी बातमी वाचली की सीमेवर फाटक लागल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. इंटरनेटच्या राउटरना मात्र देशाची सीमा कळतच नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी हे साऱ्या जगाला अनुभवायला मिळालं.

पाकिस्तान सरकारने यूट्यूब रोखण्याचा आदेश काढला. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या यंत्रणेत नोंद केली की, यूट्यूबच्या पत्त्यांची वाट आमच्याकडूनच जाते. देशातल्या लोकांना तिथेच अडवायचं, एवढाच हेतू होता. पण ती नोंद हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे गेली, तिने ती न तपासता पुढे धाडली आणि दोन तासांहून अधिक काळ जगभरात यूट्यूब उघडेना.

याचं कारण बीजीपी या नियमावलीत आहे. प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला आपल्याकडून कुठे जाता येतं ते सांगतं आणि शेजारी विश्वास ठेवतो. दोन दावे समोर आले तर अधिक नेमका दावा जिंकतो. फाट्यावर ‘कोकण’ आणि ‘चिपळूण’ अशा दोन पाट्या असतील, तर चिपळूणचा प्रवासी दुसऱ्या पाटीमागेच जाणार. ती कोणी लावली हे तो विचारत नाही. यूट्यूबची पाटी १,०२४ पत्त्यांची होती, पाकिस्तानची त्यातल्याच २५६ पत्त्यांची.

सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव रेख्टर यांनी १९८९ मध्ये ऑस्टिनमधल्या एका बैठकीदरम्यान जेवताना नॅपकिनांवर ही नियमावली आखली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक म्हणून विंट सर्फ यांचं नाव सर्वतोमुखी आहे. रोजचं इंटरनेट ज्यांच्या आराखड्यावर चालतं, त्या या दोघांचं फारसं कुणी घेत नाही. तेव्हा नेटवर्कं मोजकी होती, चालवणारे एकमेकांना ओळखत. विश्वास पुरेसा होता.

यूट्यूबने त्याच नियमाने उत्तर दिलं: आधी २५६ पत्त्यांची, मग १२८-१२८ पत्त्यांची आणखी नेमकी घोषणा केली. अखेर पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानचा मार्ग तोडला.

आता आरपीकेआय ही डिजिटल प्रमाणपत्रांची सोय आहे. पत्ते कोणाच्या मालकीचे, हे त्यातून तपासता येतं. पण ती तपासणी प्रत्येक कंपनीने आपल्या राउटरवर सुरू करावी लागते. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद त्या-त्या देशाचा. तिच्यासाठी केलेली नोंद देशाबाहेर जाणार नाही, याची खातरजमा मात्र आदेशाच्या मसुद्यातच सक्तीची असायला हवी.