पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध असते का?

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या छावणीत गॅस्ट्रोची मोठी साथ आली. थोड्याच दिवसांत हजारो लोकांना जुलाब-उलट्या झाल्या. पिण्याच्या पाण्यात ड्रेनेजचे पाणी मिसळल्याचे तेव्हा समोर आले. आजही बायाबापड्या आम्हाला विचारतात, "ताई, पाणी तर नितळ होतं, मग लेकरं आजारी कशी पडली?"

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नळ बंद झाला की पाइपातला दाब कमी होतो. पाइप गटारीतून गेलेला आणि फुटका असेल, तर गटारीचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ आला की तीच घाण पहिल्या धारेसोबत घरात येते. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते.

तपासणीत 'ई-कोलाय' हा जंतू शोधतात. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली. मग कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचाही धोका असतो.

घरी एवढे करा :
- नळाचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. ते धुण्या-सांडण्याला वापरा.
- पाणी गाळून, खळखळ उकळून घ्या. नुसत्या गाळण्याने जंतू मरत नाहीत. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचे औषध बाटलीवरील प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.
- माठ झाकून ठेवा. पाणी लांब दांड्याच्या भांड्यानेच काढा.
- जुलाब लागताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने) घालून थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका.
- डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडले किंवा शौचातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

पण पाणी उकळणे हा आपल्या घरापुरता उपाय झाला. फुटका पाइप बदलणे हे काम प्रशासनाचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. शुद्ध पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. पाण्याला वास आला, गल्लीत दोन-तीन घरी जुलाब सुरू झाले, की वाट पाहू नका. विहारात जमा, सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्या, पाण्याची तपासणी मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.