रुळांचे डोळे : छोट्या आगगाडीचा वेग आपोआप कसा राखावा

आगगाडी पाहून ज्याचें पाऊल क्षणभर थबकत नाहीं असा मुलगा विरळा. या वाहनाची लहान प्रतिकृति आपल्या घरीं असावी, ही हौसही तितकीच जुनी आहे. जर्मनींतील मेर्क्लिन या कारखान्यानें १८९१ सालीं ठराविक रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यांतील गाड्या विक्रीस मांडल्या, तेव्हांपासून या हौसेस शास्त्राचें वळण लागत गेलें. प्रारंभीं चावी देऊन धावणाऱ्या गाड्या पुढें विजेवर धावूं लागल्या. आतां तर स्टेशन जवळ येतांच गाडीनें आपण होऊन मंद व्हावें, फलाटाशीं थांबावें व क्षणभर विसावून पुन्हां निघावें, अशी योजना शाळकरी विद्यार्थ्यासही करितां येते. ती कशी करावी हें सांगण्याचा आमचा उद्देश आहे. या योजनेंत जो नियम पाळावा लागतो, तोच मोठ्या रेल्वेंत हजारों प्रवाशांच्या जिवांचें रक्षण करितो. म्हणून पालकांनींही हा विषय निव्वळ खेळण्याचा समजूं नये, अशी विनंति आहे.

प्रथम सामग्रीचा विचार करूं. 'एच् ओ' या नांवानें प्रसिद्ध असलेलें प्रमाण सर्वत्र प्रचलित आहे. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्याच्या ८७ वा हिस्सा असते, आणि दोन रुळांमधील अंतर १६·५ मिलिमीटर असतें. सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा मेजावर लंबवर्तुळाकार मार्ग मांडल्यास त्याची लांबी सुमारें चार मीटर भरते. दोन्ही रुळांस बारा व्होल्टपर्यंतचा विद्युत्प्रवाह जोडतात. तो चाकांच्या द्वारें एंजिनांतील मोटारीस पोंचतो. दाब वाढविला म्हणजे गाडी वेगानें धावते, कमी केला म्हणजे मंदावते, आणि रुळांचीं जोडणी उलट केली म्हणजे गाडी उलट चालते.

येथें कोणी म्हणेल, "मग अवघड तें काय? गाडीस एक फेरी करण्यास वीस सेकंद लागत असतील, तर दर वीस सेकंदांनीं प्रवाह बंद करावा, म्हणजे ती फलाटाशीं थांबेल." ही युक्ति पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत साधते, पुढें मात्र गाडी कधीं फलाटाच्या अलीकडे, तर कधीं पार पलीकडे थांबूं लागते. याचें कारण असें कीं, समान दाब दिला म्हणून समान वेग मिळतोच असें नाहीं. मोटार तापली, रुळांवर धूळ बसली, एखादा डबा अधिक जोडला, किंवा मेज किंचित् कललें, तर वेग बदलतो. प्रत्येक फेरींतील अल्पशी चूक पुढील फेरीच्या चुकींत मिळत जाते. घड्याळाकडे पाहून चालविणारा हा चालक डोळ्यांवर पट्टी बांधलेला आहे. गाडी कोठें असावी हें तो जाणतो. ती कोठें आहे हें त्यास ठाऊक नसतें. सबब रुळांस डोळे दिले पाहिजेत. या डोळ्यांस 'सेन्सर' म्हणतात.

सेन्सर अनेक जातींचे आहेत. त्यांपैकीं दोन घरीं वापरण्यास सोयीचे. पहिला प्रकार अवरक्त किरणांचा. रुळांच्या एका बाजूस अवरक्त प्रकाश देणारा बारीक दिवा, व समोर तो प्रकाश ओळखणारा ग्राहक बसवितात. हा प्रकाश आपणांस दिसत नाहीं, परंतु ग्राहकास दिसतो. गाडी मध्यें आली कीं किरण अडतो आणि ती आल्याची वर्दी मिळते. दुसऱ्या प्रकारांत कांचेच्या नळींत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या किंचित् विलग ठेविलेल्या असतात. एंजिनाच्या पोटाशीं लावलेलें लहानसें लोहचुंबक वरून जातांच त्या एकमेकींस चिकटतात व मंडल पूर्ण होतें. या नळीस 'रीड स्विच' हें नांव आहे.

अवरक्त सेन्सर बसवितांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सूर्यप्रकाशांतही हे किरण असतात, म्हणून खिडकींतील ऊन थेट ग्राहकावर पडूं देऊं नये. शिवाय किरण रुळांस काटकोनांत ठेविल्यास दोन डब्यांमधील फटींतून तो निसटतो, आणि एकच गाडी चार-पांच वेळां आली असा भास होतो. किरण तिरपा ठेवावा, म्हणजे कोणता ना कोणता डबा त्यास सतत अडवून धरतो.

डोळ्यांनीं पाहिलेलें समजून घेण्यास मेंदू हवा. हें काम तळहातावर मावणारा मायक्रोकंट्रोलर करितो. इटलींत २००५ सालीं निघालेली 'आर्डुइनो' ही पाटी विद्यार्थ्यांत विशेष प्रिय आहे. तिला आपण लिहिलेला आज्ञांचा क्रम, म्हणजे प्रोग्रॅम, एकदां दिला कीं ती तो बिनचूक पाळते. परंतु एंजिनास लागणारा प्रवाह तिच्या आवांक्याबाहेरचा असतो. म्हणून तिच्या व रुळांच्या मध्यें 'मोटार-ड्रायव्हर' नांवाची दुसरी पाटी जोडावी. पहिली हुकूम करिते, दुसरी ओझें वाहते. वेग कमी करण्याची रीतिही मोठी मौजेची आहे. दाब कमी न करितां प्रवाह सेकंदास शेंकडों वेळां चालू व बंद केला जातो. निम्मा वेळ चालू व निम्मा वेळ बंद ठेविल्यास मोटारीस सरासरीनें अर्धाच दाब मिळाल्यासारखें होतें. चालू वेळेचें प्रमाण बदललें म्हणजे वेग बदलतो.

आतां प्रत्यक्ष मांडणी पाहूं. मार्गाच्या एका सरळ बाजूस स्टेशन आहे. समोरच्या सरळ बाजूस 'क' व 'ख' हे दोन सेन्सर परस्परांपासून ५० सेंटिमीटरांवर ठेवावे. 'ग' हा सेन्सर स्टेशनाच्या बाजूस वळण संपतें तेथें, आणि 'घ' हा फलाटाच्या शेवटीं, 'ग'पासून ६० सेंटिमीटरांवर बसवावा.

गाडीस 'क'पासून 'ख'पर्यंत जाण्यास २·५ सेकंद लागले, तर तिचा वेग सेकंदास २० सेंटिमीटर झाला. हा वेग ताशीं ०·७२ किलोमीटर भरतो. त्यास ८७ नें गुणिलें असतां सुमारें ६३ येतात. अर्थात् ही चिमुकली गाडी खऱ्या गाडीच्या ताशीं ६३ किलोमीटर वेगाचें सोंग यथार्थ वठवीत आहे. वेळ अधिक लागल्यास मायक्रोकंट्रोलर प्रवाहाचें प्रमाण थोडें वाढवितो, कमी लागल्यास घटवितो. याप्रमाणें प्रत्येक फेरींत वेग मोजून दुरुस्त होतो. मापनावरून कृति सुधारावयाची, हें या सर्व योजनेचें मर्म आहे.

'ग' येतांच गाडी मंदावूं लागते. दर सेकंदास वेग ५ सेंटिमीटरांनीं कमी करावयाचा असें ठरविलें, तर तीन सेकंदांत तो २० वरून ५ वर येतो. तेवढ्यांत गाडी ३७·५ सेंटिमीटर पुढें गेलेली असते. उरलेले २२·५ सेंटिमीटर ती साडेचार सेकंदांत रांगत जाते, आणि 'घ'ची वर्दी मिळतांच प्रवाह बंद होऊन जागच्या जागीं थांबते. 'ग'पाशीं वेग मुळींच दुप्पट, म्हणजे ४० असता तर? त्याच रीतीनें गाडी पूर्ण थांबविण्यास २० च्या वेगास ४० सेंटिमीटर पुरतात, परंतु ४० च्या वेगास १६० लागतात. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर चौपट होतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा नियम गणितानें पडताळून पाहावा, आणि रस्त्यावर सायकल दामटतांनाही त्याचें स्मरण ठेवावें.

पुन्हां निघतांना आणखी एक अडचण येते. स्थिर एंजिनास घर्षणामुळें प्रथम अधिक जोर लागतो, आणि हललें कीं तोच जोर अधिक होऊन एंजिन उसळी घेतें. याकरितां कोणत्या प्रमाणास एंजिन जेमतेम हलतें तें आधीं शोधावें, व तेथूनच हळूहळू चढत जावें.

इतकें साधलें कीं गाडी शहाण्यासारखी चालूं लागते, आणि पुष्कळजण येथेंच थांबतात. परंतु खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. डोळाच फुटला तर काय होईल? रीड स्विचची तार तुटली, तर गाडी आल्याची वर्दी मिळणारच नाहीं, आणि ती भरवेगानें स्टेशन ओलांडील. अवरक्त सेन्सराचें तसें नाहीं. त्याचा दिवा विझला तर किरण अडल्यासारखेंच होतें; यंत्र समजतें कीं मार्गावर कोणी आहे, आणि गाडी थांबवितें. बिघाड झाला असतां धोक्याकडे न जातां थांबण्याकडे जावें, असा हा नियम आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकानें १८७२ सालीं खऱ्या रेल्वेच्या रुळांस तो लागू केला. त्याच्या योजनेंत रुळांतून सतत वाहणारा सौम्य प्रवाह सिग्नल मोकळा धरून ठेवितो. गाडीचीं चाकें व आंस यांच्यामुळें प्रवाह मधल्यामध्येंच वळतो, आणि सिग्नल धोका दर्शवितो. तार तुटली, बॅटरी संपली, किंवा रूळच भंगला, तरी परिणाम तोच.

घरच्या मांडणींतही हें तत्त्व पाळावें. रीड स्विच वापरावयाचे असल्यास प्रोग्रॅममध्यें पहारा ठेवावा. 'ख'पासून 'ग'पर्यंत जाण्यास पांच सेकंद लागत असतील व दहा सेकंद लोटूनही 'ग'ची वर्दी आली नाहीं, तर सर्व प्रवाह आपोआप बंद व्हावा.

मोठ्या रेल्वेंत असेंच चालतें. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रुळांलगतचीं चुंबकीय यंत्रें सिग्नलाची स्थिति गाडीस कळवितात, आणि चालकानें दखल न घेतल्यास ब्रेक आपोआप लागतो. भारतीय रेल्वेनें २०२० सालीं राष्ट्रीय योजना म्हणून स्वीकारलेल्या 'कवच' यंत्रणेंत रुळांमध्यें खुणेच्या चकत्या बसविलेल्या असतात, व एंजिन त्या वाचून आपली जागा ओळखतें. आपल्या मेजावर डोळे रुळांस असतात, येथें ते एंजिनास आहेत, इतकाच भेद.

परंतु डोळे असून त्यांनीं चुकीची वर्दी दिली तर काय होतें, हेंही आपण विसरूं नये. २ जून २०२३ रोजीं ओडिशांतील बहानगा बाजार स्टेशनांत कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळून २९० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. सिग्नलाच्या तारांच्या जोडणींत पूर्वीं फेरफार करितांना झालेली चूक त्यास कारण होती, असें चौकशींत निष्पन्न झालें. जोडणी बदलल्यावर ती पुन्हां पूर्णपणें तपासणें, हें काम किती लहान, आणि न केल्यास परिणाम किती भयंकर!

पालकांनीं मुलांस या छंदांत अवश्य साहाय्य करावें. घरच्या विजेशीं मुलांचा थेट संबंध येऊं नये. बारा व्होल्टांचा चांगला अडॅप्टरच वापरावा. पुण्यांत कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय आहे. सुटींत तें मुलांस दाखवावें.

विद्यार्थी मित्रांस आमचें एवढेंच सांगणें आहे. गाडी सुरू करण्यापूर्वीं दर वेळीं एका सेन्सराची तार मुद्दाम सोडून पाहा. गाडी थांबली, तर ती जोडून निश्चिंतपणें खेळा. न थांबली, तर खेळ बाजूस ठेवून दोष शोधा. तुमच्यापैकीं कोणास पुढें परमेश्वर कृपेनें खऱ्या रेल्वेच्या तारा जोडण्याचें काम लाभेल. त्या दिवशीं ही लहानपणची संवय तुमच्या हातीं असावी, आणि तुमच्या भरंवशावर निजलेले प्रवासी सकाळीं सुखरूप आपापल्या घरीं पोंचावे.