सीटखालचं इंजिन

जुनी व्हॅन दाखवायला न्यायची तर सकाळी न्यायची, आणि तीही रात्रभर उभी असलेली. लासलगावातल्या ज्या गॅरेजमध्ये मी अधूनमधून जाऊन बसतो, तिथल्या मिस्त्रींची ही पहिली अट. विकणारा गाडी चालवत घेऊन आला आणि इंजिन तापलेलं निघालं, तर ते उठतसुद्धा नाहीत. "उद्या सकाळी आणा, न चालवता," एवढंच सांगतात. तापलेलं इंजिन आपले दोष लपवतं. सेल्फ किती वेळ फिरला, पहिला धूर निळा निघाला की पांढरा, टॅपेटची टकटक ऑईल वर चढल्यावर थांबली की तशीच राहिली, हे गार गाडीच सांगते.

एके दिवशी एक गाडी आली ती टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे बांधून. पांढरी मारुती ईको, २०१४ सालची, कंपनीच्या सीएनजीची. घेणारे निफाड तालुक्यातलेच, वडील आणि मुलगा. थोडी द्राक्षं, थोडा कांदा, बाकी भाजीपाला. मुलाला सकाळी गावातली पोरं शाळेत सोडायची होती आणि उरलेल्या वेळात भाजी बाजारात पोहोचवायची होती. शोरूमची नवी गाडी परवडणारी नव्हती. विकणारा सांगत होता, "एकहाती गाडी आहे, मिस्त्री. काही काम नाही." मिस्त्री म्हणाले, "बघू ना मग."

लासलगावच्या बाजार समितीत, १९४७ पासून चालत आलेल्या त्या कांद्याच्या आवारात, ईकोसारखी जपानी घडणीची गाडी शोधायला गेलं तर ती फारशी दिसत नाही. तिथं राज्य ट्रॅक्टर-ट्रॉलीचं आणि पिकअपचं. लिलाव चालतो तेव्हा वाहनांच्या रांगा लागतात, व्यापारी एकेका वाहनापाशी येऊन मूठभर कांदा बघतात आणि भाव बोलतात. ओझं जिथे टनात मोजलं जातं तिथे मारुती-सुझुकीच्या व्हॅनचं काम नाही. पण आवाराच्या बाहेर पडा. शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या दारात, मंडपवाल्याच्या गोदामापुढे, दूध संकलनाच्या टपरीजवळ मारुतीची व्हॅन उभी असतेच. ओमनी असेल नाहीतर ईको. गावाचा रोजचा किरकोळ भार या गाड्यांनी वाहिला आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

मिस्त्रींनी ड्रायव्हरची सीट उचलून मागे टाकली. खाली इंजिन. या गाड्यांची मांडणीच अशी: नाकात जागा नाही, म्हणून इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे एवढ्याशा लांबीत मागे भरपूर जागा मिळते. त्यामुळेच उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या मांड्या भाजतात, हेही प्रत्येक मालक सांगतो. मिस्त्रींनी आधी ऑईलची कांडी ओढली, बोटावर ऑईल घासलं, वास घेतला. मग रेडिएटरचं झाकण काढून आत टॉर्च मारला. पाण्यावर ऑईलचा तवंग असेल तर हेड गॅसकेट गेलेलं, आणि तसं असेल तर पुढे बघायची गरजच नाही. तवंग नव्हता. "मार सेल्फ," ते मुलाला म्हणाले. आधी पेट्रोलवर. गाडी दुसऱ्या झटक्याला लागली. मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरपाशी बसले, तळवा धुरासमोर धरला. धूर पांढुरका, सकाळच्या वाफेचा, आणि लगेच विरला. मग त्यांनी ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडायला सांगितलं. सोडताना जरासा निळा फुसका आला. "व्हॉल्व्हचे सील," ते म्हणाले, "रिंगा नाहीत." रिंगा गेल्या असत्या तर गाडी दाबतानाही निळी धुरकटली असती. हा फरक हजारोंच्या खर्चाचा आहे, आणि तो कळायला त्यांना यंत्र लागलं नाही.

हे ज्ञान आलं कुठून? गॅरेजच्या मागच्या बाजूला, लिंबाखाली, एक जुनी ओमनी उभी आहे. तिचा आता फक्त सांगाडा आणि इंजिन उरलंय. मिस्त्री त्याच इंजिनावर शिकले आणि त्यांच्या हाताखालची पोरंही त्यावरच शिकतात. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मारुती ८०० मध्येही तेच इंजिन. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुतीची चावी दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, व्हॅन आली. तिचं ओमनी हे नाव नंतरचं. २०१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षं, ती बनत राहिली. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, चेहरा थोडा बदलला, पण गाभा तोच राहिला. तालुक्याच्या मिस्त्रीच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोठा आहे. एकदा शिकलेलं पस्तीस वर्षं कामाला आलं. लासलगावच्या दुकानात नसलेला सुटा भाग मनमाडला नाहीतर नाशिकला मिळालाच, आणि आजच मिळाला.

ज्या सुझुकी कंपनीनं मारुतीचं हे इंजिन घडवलं तिची सुरुवात मोटारींपासून फार दूर झाली, आणि लासलगावकरांना ती जवळची वाटावी अशी आहे. मिचिओ सुझुकी हे जपानच्या हामामात्सु भागातले, सुतारकाम शिकलेले. १९०९ मध्ये त्यांनी कारखाना काढला तो हातमाग-यंत्रमागांचा. १९२० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. चांगले माग करणारी म्हणून तिनं नाव कमावलं, आग्नेय आशियातल्या सारोंगसाठीचे मागही तिनं बाहेर पाठवले. लासलगावहून येवला किती लांब? तिथं आजही घराघरात पैठणीच्या मागाचा खटखटाट चालतो. ताण्याचा ताण जरा चुकला तर काय होतं, लाकडाचा एक भाग झिजला तर धोटा कुठं अडतो, हे येवल्याच्या विणकराला जसं हातानं कळतं, तशाच कारागिरांच्या हातात सुझुकी कंपनीची पहिली चाळीस वर्षं गेली. १९५० च्या सुमाराला कापडधंदा बसला, मागांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग १९५२ मध्ये सायकलला लावायचं ३६ सीसीचं छोटं इंजिन आलं, १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटर शब्द आला, आणि १९५५ मध्ये सुझुलाइट ही ३६० सीसीची पहिली मोटार. युद्धानंतरच्या गरीब जपानला परवडेल एवढीच लहान. छोट्यात छोटं, हलक्यात हलकं, आणि उघडून दुरुस्त करता येईल असं करण्याची सवय तिथली आहे.

मोटारीत येण्याआधी मागच करणारी दुसरी जपानी कंपनी टोयोटा. साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पुरा केला, त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले, आणि मुलगा किइचिरो यानं पुढं मोटारीचा धंदा उभारला. टोयोटा भारतात १९९७ मध्ये आली तेव्हा तिनं हात धरला किर्लोस्करांचा. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढून पुढं लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं ते घराणं. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या दारात आज इनोव्हा दिसते. तिच्याबद्दल मालकांचं मत एका ओळीत संपतं: महाग आहे, पण दमत नाही. मला मात्र जास्त ऐकावंसं वाटतं ते व्हॅनवाल्यांचं. इनोव्हाचा मालक गाडीत बसतो, व्हॅनचा मालक तिच्यावर जगतो.

गाडीचं आतलं झाल्यावर मिस्त्री पत्र्याकडे वळले. खिशातून लोहचुंबक काढला, जुन्या स्पीकरमधला. दारांवर, चाकांच्या कमानींवर, पायदानाच्या पट्टीवर तो सरकवत नेला. डाव्या मागच्या कोपऱ्यात चुंबक चिकटेना. तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली. "मागून ठोकर बसलीय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. विकणारा म्हणाला, "किरकोळ हो." मिस्त्रींनी मागचं मॅट उचलून आतून पत्रा बघितला. वेल्डिंगचा मूळचा ठिपका आणि नंतर गॅरेजमध्ये मारलेला डाग यातला फरक त्यांनी मुलाला बोट ठेवून दाखवला. सांगाडा सरळ होता. म्हणजे ठोकर खरंच किरकोळ. भाव मात्र त्यामुळे खाली येणार होता, आणि हे तिघांनाही कळलं.

मग जॅक लावून खाली. मी पण शेजारी आडवा झालो. खालून गाडी बघितली की मालकाची सगळी सवय दिसते. शेतरस्त्यानं चालवलेल्या गाडीचा तळ खरचटलेला असतो, दूध वाहणारीचा तळ मागच्या बाजूनं गंजलेला. या गाडीचा पुढचा भाग ठीक होता. मिस्त्रींनी मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट फिरवला, सांध्याच्या क्रॉसमध्ये टिचकीएवढा खेळ लागला. "क्रॉस बदलावा लागेल." टायर एका अंगानं झिजलेले. ओमनीला मागे कमानपाटे होते, त्यांना ओझं टाकलं तरी चालायचं. ईकोला स्प्रिंगा आल्या, त्या बसायला मऊ, पण पाटे मजबूत असं इथले जुने मालक अजून म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, निदान भाजीच्या क्रेटांपुरतं.

मीटरवर आकडा कमी होता. मिस्त्रींनी त्याकडे बघितलंही नाही, ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर बघितले. रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची सालही चकचकीत झालेली. "मीटर काय म्हणतं ते सोडा," ते म्हणाले. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघितलं, चॅसी नंबर पुसून अंक अंक जुळवला. मग विंचूरच्या दिशेनं एक फेरी. परत येऊन त्यांनी मुलाला काय ऐकू आलं ते विचारलं. आधी त्याच्याकडून वदवून घेतलं, मग स्वतः सांगितलं. गिऱ्हाईकाला असं शिकवणारा मिस्त्री मी मोठ्या शहरात फारसा पाहिलेला नाही.

फेरीच्या वेळी गॅरेजात आणखी दोघं जमले होते. एक शाळेची मुलं नेणारे काका, दुसरे मंडपवाले. मी दोघांना विचारलं की मारुतीच का? मंडपवाले म्हणाले, "गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे हो. पण हा डबा घरच्यांना उपाशी ठेवत नाही." काकांचा हिशेब वेगळा होता. त्यांनी आधी ओमनी चालवली, आता ईको. दहा वर्षं वापरूनही विकताना पैसे येतात, सीएनजीवर ॲव्हरेज मिळतं, सरकत्या दारामुळे पोरं रस्त्याच्या बाजूला दार आपटत नाहीत. तक्रारीही त्यांनी तितक्याच मनापासून सांगितल्या: पत्रा पातळ, भर उन्हात आत बसवत नाही, मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी हलते.

ही शेवटची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. ओमनी बंद झाली ती नव्या सुरक्षा नियमांत बसणं शक्य नव्हतं म्हणून, आणि तिच्यावर पोट भरलेल्या माणसांची माया मान्य करूनही मी म्हणेन की तो निर्णय बरोबर होता. ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढं एक पत्रा आणि एक काच, एवढंच असलेली गाडी महामार्गावर नको होती. ईको सुधारत गेली. २०२२ च्या अखेरीस तिला नवं इंजिन आलं, २०२५ मध्ये सहा एअरबॅगा आल्या. या सुधारणांबरोबर सेन्सर आणि स्कॅनरही आले. मिस्त्रींनी स्कॅनर घेतला आहे, तो त्यांचा भाचा चालवतो. नव्या गाडीत जीव वाचण्याची शक्यता वाढली, हातानं उघडून बघण्याची कमी झाली. मला यातलं पहिलं जास्त मोलाचं वाटतं. पण दुसरं गेलं तर तालुक्यातल्या गावांतली एक विद्या जाईल, आणि कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना मोकळेपणानं द्यायला हवी, ही मागणी लासलगावातूनही व्हायला हवी.

सगळ्यात शेवटी मिस्त्री मागच्या सीटपाशी गेले आणि सीएनजीच्या टाकीवरची पट्टी ओल्या फडक्यानं पुसली. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करायची असते. पट्टीवरची तारीख उलटून गेलेली होती. विकणारा म्हणाला, "चालते ना गाडी." इतका वेळ शांत असलेल्या मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदा चढला. "यावर पोरं बसणारेत, शेठ." त्यांनी वडिलांना साफ सांगितलं की चाचणी करून, दाखला हातात घेऊन मगच पैसे द्या. सील, क्रॉस, दोन टायर आणि चाचणी, सगळा खर्च कागदावर मांडून भावातून वजा केला. विकणारा थोडा वेळ अडून बसला, मग तयार झाला. गाडी त्या दिवशी गेली नाही, चाचणी झाल्यावर गेली.

आपली मुलं सीएनजीच्या व्हॅननं शाळेत जात असतील तर एकदा त्या काकांना विनंती करून मागची सीट उचलून बघा. टाकीवरची पट्टी पुसा आणि तारीख वाचा.