खासगीपणाची ढाल कोणासाठीं?

मध्यरात्रीं शिपायानें दार ठोठवावें, आरोळ्या मारून झोपमोड करावी आणि घरमालकानें आपण घरींच असल्याची ग्वाही द्यावी, हा प्रकार परकी अमलांतला नव्हे. स्वतंत्र हिंदुस्थानांतला आहे. उत्तर प्रदेशांतील खरकसिंग ह्या इसमावर १९४१ सालीं दरोड्याचा आरोप आला व पुराव्याअभावीं तो सुटला. तरीही पोलिसांनीं त्याचें नांव दप्तरीं चढवून त्याच्यावर पाळत ठेविली. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रात्रींच्या ह्या फेऱ्या बंद केल्या. परंतु खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला हक्कच नव्हे, असेंही बहुमतानें सांगून टाकलें. दार ठोठावणें गैर, पण मागावर राहणें रास्त! सारा नियमच घटनाबाह्य ठरविणारे न्यायमूर्ति सुब्बा राव व शहा हे दोघेच निघाले.

त्या दोघांची बाजू खरी ठरण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणास मूलभूत हक्क मानिलें. आणीबाणींतील १९७६ चा निकालही तेव्हां मोडीत निघाला. न्या. यशवंतराव चंद्रचूडांनीं ज्या निकालास संमति दिली होती, तो त्यांच्या चिरंजीवांनींच चुकीचा ठरविला, ही गोष्ट न्यायासनास भूषणावह होय.

वर्तमानपत्रांस ह्या हक्काची भीति वाटत असेल, असें कित्येक समजतात. तसें मुळींच नाहीं. १९९४ सालीं, ‘नक्कीरन’ ह्या तमिळ साप्ताहिकाच्या खटल्यांत, न्यायालयानें रेघ आंखून दिलीच होती: नागरिकाच्या घरांत व संसारांत डोकावूं नये, पण सरकारी कामाविषयीं लिहिलें म्हणून अधिकाऱ्यास खासगीपणाचा आसरा मिळणार नाहीं, लेखकानें सत्याची बेपर्वाई केली असेल तर गोष्ट निराळी.

आमची तक्रार आहे ती ही रेघ पुसणाऱ्या कायद्याविषयीं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमांत, सार्वजनिक कामाशीं संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच तेवढी झांकण्याची मुभा होती. शिवाय, जी माहिती संसदेस किंवा विधिमंडळास नाकारतां येत नाहीं ती कोणाही व्यक्तीस नाकारूं नये, असें तेथें स्पष्ट लिहिलें होतें. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें हे दोन्ही शब्दप्रयोग उडविले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेंच मोघम लिहून ठेविलें. रोजगार हमीच्या हजेरीपटावरील खोटीं नांवें, अधिकाऱ्याचा पदवीचा दाखला, ह्यांपैकीं वैयक्तिक नाहीं असें काय उरतें?

सरकारपक्षाचें उत्तर असें कीं, सार्वजनिक हित मोठें असल्यास माहिती देण्याची तरतूद त्याच कलमांत अन्यत्र शाबूत आहे. तें खरें आहे. पण उत्तर पुरें नाहीं. पूर्वीं सार्वजनिक कामाची माहिती मुळांतच पडद्याबाहेर होती. आतां ती प्रथम पडद्याआड जाते, आणि जनहित मोठें कीं हानि मोठी, ह्याचा काथ्याकूट अर्जदारास करावा लागतो. तोही बहुधा ज्याच्या कपाटांत कागद आहे त्याच कचेरीपुढें. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या खेडुतानें ही हुज्जत कशी घालावी? खरकसिंगाच्या दारांतला हक्क कचेरीच्या कपाटाचें कुलूप म्हणून वापरणें आम्हांस मान्य नाहीं.

संसदेनें २००५ ची शब्दरचना जशीच्या तशी परत आणावी. २०१९ च्या विधेयकांत पत्रकारितेच्या कामास दिलेली सवलत २०२३ च्या कायद्यांतून वगळली गेली, तीही त्याच दुरुस्तींत घालावी.