झुकणारी झालर

होडी संथपणे चालली असताना काठावरून वाकून पाण्यात हात बुडवला, तर पाणी आपला हात मागे ओढू पाहत आहे असे जाणवते. होडीचा वेग वाढला की ही ओढही वाढते, आणि काही वेळाने हात भरून येतो. हातावर जो प्रसंग येतो तोच प्रत्येक नौकेच्या तळावर अहोरात्र येत असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. त्यातून वाट काढणाऱ्या नौकेला क्षणोक्षणी ते दूर सारावे लागते, आणि दूर सारले जाताना ते तिला अडवते. पाण्याच्या या अडवणुकीला ‘रोध’ म्हणतात.

मग नौका पाण्याला शिवलीच नाही तर? ती पाण्याच्या किंचित वरून, हवेच्या थरावर तरंगत गेली तर हा रोध नाहीसा होणार नाही काय? हा प्रश्न अनेकांच्या मनात येऊन गेला होता. त्याचे उपयोगी उत्तर ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने शोधले. १९५५ साली त्याने एका मोठ्या डब्यात एक लहान डबा बसवला आणि दोन्ही डब्यांमधल्या गोल फटीतून हवेचा जोरदार झोत खाली सोडला. खाली स्वयंपाकघरातला वजनकाटा होता. एकाच डब्यातून सोडलेल्या झोतापेक्षा या कड्यासारख्या झोताचा दाब काट्यावर कितीतरी अधिक पडला. झोताच्या कड्याने आतली हवा कोंडून धरली होती. ही कोंडलेली हवा म्हणजेच नौकेला उचलून धरणारी हवेची गादी होय. अशा गादीवर चालणाऱ्या वाहनास ‘हॉवरक्राफ्ट’ हे नाव मिळाले.

‘एस. आर. एन. १’ नावाचे पहिले मोठे हॉवरक्राफ्ट १९५९ साली तयार झाले आणि त्याच वर्षी २५ जुलै रोजी त्याने फ्रान्समधील कॅलेपासून इंग्लंडमधील डोव्हरपर्यंतची खाडी ओलांडली. त्या सफरीत कॉकरेल स्वतः नौकेवर होता. त्याचे काम मात्र मोठे गमतीचे होते. नौकेचा तोल राहावा म्हणून तो आपल्या शरीराचे वजन घेऊन जागा बदलत होता. संशोधकाने आपल्याच नौकेवर वाळूच्या पोत्याचे काम का करावे, हे पुढे कळेल.

पाण्याला न शिवणारी नौका तयार झाली खरी. पण पाण्याने आपला हक्क सोडला नव्हता. ते कसे, हे पाहण्यासाठी एका पसरट भांड्यात पाणी घ्यावे आणि वरून नळीने सरळ खाली फुंकर घालावी. फुंकर जिथे पडते तिथे पाण्याला खळगा पडतो. नळी पाण्याला शिवलेली नाही, तरी पाणी दबले आहे. हॉवरक्राफ्टखालीही असेच होते. नौकेचे वजन हवेच्या गादीवर आणि गादीचा भार पाण्यावर. समजा, एका नौकेचे वजन १० टन आहे आणि तिच्या गादीची लांबी १२ मीटर व रुंदी ५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे. ती स्थिर तरंगत असता आपल्या वजनाइतके, म्हणजे १० घनमीटर पाणी दूर सारते. १० घनमीटरांस ६० ने भागले की उत्तर येते सुमारे १७ सेंटीमीटर. तेवढ्या खोलीचा खळगा तिच्याखाली सदैव असतो. आर्किमिडीजचा नियम हवेत तरंगणाऱ्या या नौकेलाही चुकत नाही.

नौका चालू लागली की हा खळगाही तिच्यासोबत चालू लागतो. चालता खळगा म्हणजे लाटच. वेग जसजसा वाढतो तसतशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या गादीच्या दुप्पट झाली की मोठा कठीण क्षण येतो. नौकेचे नाक लाटेच्या माथ्याजवळ आणि शेपूट लाटेच्या तळाशी असते. म्हणजे नौका आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढत असते! वर उल्लेखिलेल्या १२ मीटरांच्या गादीला हा चढ ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाला लागतो. मालाने भरलेली गाडी घाटात जशी धापा टाकते, तशी नौका येथे धापा टाकते. शक्ती अपुरी पडली तर ती तुषारांच्या ढगात तशीच रेंगाळत राहते. हा घाट एकदा ओलांडला की मात्र चित्र पालटते. नौका इतक्या वेगाने पुढे सरकते की खालच्या पाण्याला दबायला पुरेसा अवधीच मिळत नाही. खळगा उथळ होतो, लाट मागे पडते आणि रोध एकदम उतरतो. म्हणून जाणता चालक हा घाट खोल पाण्यात आणि पूर्ण शक्तीने पार करतो. कारण उथळ पाण्यात तो अधिकच उभा होतो.

घाट ओलांडला म्हणजे संकट संपले, असे मात्र नाही. पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट नसतो. पहिली नौका पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच उचलली जात असे. लाटा त्याहून उंच झाल्या की तिच्या तळावर त्यांचे तडाखे बसत. मग नौका अधिक उंच का उचलू नये? याचे कारण साधे आहे. नौका आणि पाणी यांच्यामधील फटीतून गादीची हवा सतत बाहेर निसटत असते. फट दुप्पट केली की निसटणारी हवाही दुप्पट होते, आणि तेवढी हवा पुन्हा भरण्यासाठी शक्तीही दुप्पट लागते. उंची अशी विकत घेत गेले तर सारे इंधन हवा भरण्यातच खर्ची पडेल.

या पेचातून सेसिल लॅटिमर-नीडहॅम या अभियंत्याने वाट सुचवली. नौकेच्या तळाभोवती रबराची लवचीक झालर लावावी, ही त्याची कल्पना. इंग्रजीत हिला ‘स्कर्ट’ म्हणतात. झालरीमुळे नौकेचा कठीण तळ पाण्यापासून उंच राहतो, पण हवा निसटण्याची फट मात्र झालरीच्या काठाखाली अगदी अरुंद असते. ‘एस. आर. एन. १’ला पुढे सुमारे १.२ मीटर खोलीची झालर लावली, तेव्हा उचलण्याची शक्ती न वाढवता ती मूळच्या दुप्पट वजन पेलू लागली आणि पूर्वी तिला अडवणाऱ्या लाटांवरून जाऊ लागली.

परंतु झालर आली तसा पाण्याला पकडायला पदरही मिळाला. नौका वर आणि पाणी खाली असताना दोघांमध्ये केवळ हवा होती. आता लाटांच्या माथ्यांना झालरीचा काठ शिवू लागला. अखंड, ताठ झालर पाण्यावरून ओढणे म्हणजे पुन्हा होडीतून पाण्यात हात बुडवण्यासारखेच. ज्या रोधापासून सुटका करून घेण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो मागच्या दाराने घरात शिरला.

यावर उपाय कोणता? एखादी फळी आणि एखादी केरसुणी खडबडीत अंगणावरून ओढून पाहावी. फळी प्रत्येक खड्याला अडते, आणि एका खड्यामुळे सबंध फळी उचलली जाऊन दोन्ही बाजूंना फट पडते. केरसुणीचे तसे नाही. जी काडी खड्याला लागते तीच वाकते. बाकीच्या काड्या जमिनीला धरून राहतात आणि खडा मागे पडताच वाकलेली काडी पुन्हा सरळ होते. झालर सुधारणाऱ्या अभियंत्यांनी नेमके हेच केले. त्यांनी वरच्या बाजूस हवेने फुगलेली एक पिशवी ठेवली आणि तिच्या खालच्या कडेला एकमेकांना खेटून असंख्य सुट्या पट्ट्या लावल्या. या पट्ट्यांना ‘बोटे’ म्हणतात. प्रत्येक बोट पन्हळीसारखे असून त्याची उघडी बाजू गादीकडे असते. गादीची हवा आतून रेटा देते, त्यामुळे बोट फुगून ताठ राहते आणि शेजारच्या बोटाला टेकून फट बुजवते. लाट आली की तिच्या वाटेतील बोटे तेवढी मागे झुकतात, लाट गेली की हवेच्या रेट्याने जागेवर येतात. लाटेशी झुंज न घेतल्यामुळे रोध कमी होतो, आणि बाकीची बोटे आपल्या जागी राहिल्यामुळे हवाही वाया जात नाही. शिवाय काठाखालून निसटणारी हवा बोटे आणि पाणी यांच्यामध्ये पातळ थर धरते. यंत्राच्या दोन भागांमध्ये तेल जे काम करते तेच काम येथे हवा करते.

ही बोटे रबर चढवलेल्या नायलॉनच्या कापडाची असतात. पाण्याच्या माऱ्याने आणि हवेच्या झोताने त्यांची टोके सतत फडफडतात आणि झिजतात. पण झिजलेले बोट तेवढे काढून नवे लावता येते. सगळी झालर बदलण्याचे कारण पडत नाही.

नौकेच्या मागील बाजूला मात्र हीच बोटे उलटा प्रताप दाखवतात. पुढच्या बोटांची उघडी बाजू मागे असते, म्हणून पाणी त्यांच्या फुगीर पाठीवरून सरकून जाते. मागच्या बोटांची उघडी बाजू पुढे येते, आणि सुपाने धान्य भरावे तशी ती पाणी भरू लागतात. ओंजळी भरभरून पाणी ओढणारी नौका वेगाने कशी जाणार? म्हणून मागील बाजूस तोंड बंद असलेल्या शंकूंची झालर लावतात. पिशवीत शिरलेले पाणी निघून जावे यासाठी तिच्या तळाला भोकेही ठेवतात. नाहीतर पाण्याच्या वजनाने पिशवी लोंबते आणि रोध आणखी वाढतो.

सर्वांत मोठा धोका पुढच्या झालरीला असतो, आणि तो केवळ वेगाचा नव्हे, तर प्राणांचा प्रश्न आहे. नौका भरवेगात असता काही कारणाने तिचे नाक खाली गेले तर पुढची झालर पाण्यात बुडते. पाणी तिचा काठ धरून तिला मागे, नौकेच्या पोटाखाली ओढते. पुढच्या भागाखालची गादी त्यामुळे आखूड होते, आधार कमी पडल्याने नाक आणखी खाली जाते, आणि झालर आणखी बुडते. शेतात नांगराचा फाळ जसा रुतत जातो, तशी नौका पाण्यात रुतू लागते. ती त्या क्षणी तिरपी असली किंवा वळत असली, तर उलटूही शकते. हॉवरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात असे अपघात घडले आणि त्यांपासून अभियंते सावध झाले. त्यांनी वरच्या पिशवीतील हवेचा दाब गादीच्या दाबापेक्षा अधिक ठेवला, म्हणजे पाण्याने ओढली तरी पिशवी सहजासहजी आत मुडपत नाही. अनेक नौकांत गादीमध्ये आडव्या-उभ्या भिंती घालून तिचे कप्पे केले. नाक खाली गेले की पुढच्या कप्प्यातील दाब वाढतो आणि नाकाला वर उचलतो.

तोल सांभाळण्याचे निम्मे काम मात्र आजही माणसाकडेच आहे. माल आणि प्रवासी कुठे बसवायचे याचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो, म्हणजे नाक जड होत नाही. नाक खाली जात आहे असे दिसताच चालक पुढे ढकलणारी शक्ती कमी करतो, पण गादीची हवा कमी होऊ देत नाही. खाडी ओलांडताना कॉकरेल आपले वजन घेऊन जागा का बदलत होता, ते आता ध्यानात येईल.

अशा रीतीने सुधारत गेलेल्या झालरीमुळे हॉवरक्राफ्टची केवढी वाढ झाली! १९६८ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये ‘एस. आर. एन. ४’ जातीच्या प्रचंड नौका सुरू झाल्या. पुढे लांबी वाढवल्यावर त्यांतील एकेक नौका ४०० हून अधिक प्रवासी आणि सुमारे ६० मोटारगाड्या एका वेळी नेऊ लागली. १९९५ साली त्यांपैकी एकीने डोव्हर ते कॅले हे अंतर केवळ २२ मिनिटांत काटले. पहिल्या नौकेला त्याच खाडीसाठी दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. २००० साली ही मोठी सेवा थांबली. तथापि हॉवरक्राफ्टचे दिवस संपले नाहीत. जिथे पाणी उथळ असते, चिखल पसरलेला असतो आणि साधी होडी रुतून बसते, तिथे या नौकेवाचून चालत नाही. भारतीय तटरक्षक दलही गुजरातच्या आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवरील उथळ पाण्यात गस्त घालण्यासाठी अशा नौका वापरते.

पाण्याचा रोध केवळ शक्तीच्या बळावर जिंकता आला असता, तर मोठे इंजिन बसवून हा प्रश्न केव्हाच सुटला असता. तो सुटला, पण निराळ्या मार्गाने. कुठे ताठ राहायचे आणि कुठे झुकायचे, हे झालरीला शिकवावे लागले. पिशवी ताठ राहिली नाही तर नौका रुतते. बोटे झुकली नाहीत तर नौका अडते. पुरात लव्हाळे झुकते, पण मूळ सोडत नाही, म्हणून पूर ओसरल्यावर ते पुन्हा उभे राहते. समुद्राच्या लाटांवरून धावणाऱ्या या नौकेची झालर तोच धडा रोज हजारो वेळा गिरवीत असते.