चौकट : गोंदूर ते नोएडा

धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका सुताराच्या घरी जन्मलेले राम वनजी सुतार यांना केवळ स्वयंशिक्षित म्हणता येणार नाही. कारण श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले व १९५३ साली मेयो सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. तथापि पुढे पुरातत्त्व खात्याच्या चाकरीत वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी करीत, आणि नंतर दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत रुजू होऊन, त्यांनी जी वर्षे घालविली, त्यांच्या अखेरीस १९५९ मध्ये निश्चित वेतनावर पाणी सोडून त्यांनी स्वतंत्र शिल्पकाराचा बेभरवशाचा पेशा पत्करला, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय दृष्टीने धाडसच होय.

गांधीसागर धरणावरील ४५ फुटी चंबळदेवी ही त्या निर्णयाची पहिली मोठी फलश्रुती.

परंतु विस्मय वाटतो तो उत्तरायुष्याचा. ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब करण्यात रमतात, त्या वयानंतर नोएडात स्थिरावून, पुत्र अनिल यांच्या सहकार्याने त्यांनी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे शिल्परूप सिद्ध केले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडिया येथे त्याचे अनावरण झाले तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

पद्मश्री १९९९, पद्मभूषण २०१६, महाराष्ट्र भूषण २०२४. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, नोएडातच त्यांचे निधन झाले.